दगड, नदी आणि रहाड : ‘एक पंचवटीकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

पंचवटीकर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तीत राग आहे, पण तो शहराच्या काळजीपोटी आलेला आहे, त्यामुळे नुसतं ‘धन्यवाद’ लिहून मोकळं होणं मला पटत नाही. ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी एवढंच सांगते: काळ, निसर्ग आणि वारसा यांना सोबत घेऊन केलेल्या मांडणशिल्पांवर (इन्स्टॉलेशन्सवर) तो लेख होता, आणि सिंहस्थाच्या निमित्ताने नाशकात गोदाकाठी अशी कामं व्हावीत असं मी शेवटी लिहिलं होतं.

तुमचं म्हणणं असं: दगड मांडायचे, झाड लावायचं, बर्फ वितळू द्यायचा आणि त्याला कला म्हणायचं, तर मग गल्लीत गोवऱ्या थापणारी बाईसुद्धा कलावंतच. चार दिवसांत नाहीशा होणाऱ्या वस्तूवर पैसा घालायचा आणि शेकडो वर्षं उभ्या असलेल्या देवळांची पडझड बघत बसायची, हा कुठला न्याय? ग्रीनलंडहून पॅरिसला बर्फ न्यायला किती डिझेल जाळलं तेही लिहा, असं तुम्ही म्हणालात. गोदावरीच्या पात्रात काँक्रीट ओतलंय, कुंडांतले झरे बुजलेत, आणि तुम्हाला तिथे प्रदर्शन सुचतंय. वर हे सगळं परदेशातून आलेलं फॅड, आणि श्रद्धेच्या जागा त्यासाठी वापरणं हा परंपरेचा अपमान.

टिकण्याच्या मुद्द्यापासून सुरुवात करते. बाकीचे बरेचसे आक्षेप त्यातूनच निघालेत असं मला वाटतं.

१९८२ साली जर्मनीतल्या कासेल शहरात, डॉक्युमेंटा या मोठ्या कलाप्रदर्शनासाठी, योझेफ बॉईस या कलावंताने मुख्य इमारतीसमोरच्या मैदानात बेसाल्टच्या ७००० खांबांचा ढीग रचला. बेसाल्ट म्हणजे आपल्याच डोंगरांचा काळा पाषाण. नियम एकच घातला. ढिगातला दगड उचलायचा तर शहरात कुठेतरी एक झाड लावायचं आणि तो दगड त्या झाडाशेजारी उभा रोवायचा. मैदान मोकळं हवं असेल तर गावाने सात हजार झाडं लावावीत. लोक सुरुवातीला वैतागले, पण ढीग किती उतरला यावरून झाडं किती लागली हे येताजाता कुणालाही कळत होतं. बॉईस १९८६ च्या जानेवारीत गेला तेव्हा काम पुरं झालेलं नव्हतं. शेवटचं झाड १९८७ मध्ये त्याच्या मुलाने लावलं.

लावलं तेव्हा त्या काटकुळ्या रोपाशेजारी दगडच दांडगा दिसत असणार. आज दगड आहे तेवढाच आहे आणि झाड त्याच्या कितीतरी वर गेलंय. या बदलत जाणाऱ्या जोडीकडे बघण्यातच ते शिल्प आहे. करणाऱ्याला ते पुरं झालेलं बघायला मिळणार नव्हतं, आणि हे त्याला सुरुवातीपासून ठाऊक होतं. तुम्ही विचाराल, यात कलावंताने केलं काय? त्याने काळाला कामाला लावलं आणि गावाला बांधून घेतलं. ती झाडं आज उभी आहेत, कारण कुणी पाणी घातलं, कुणी वाळलेल्या जागी दुसरं लावलं, कुणी रस्त्याचं काम काढताना झाडाला वळसा घातला.

हे परक्या मुलखातलं झालं. आता आपल्या त्रिरश्मी डोंगरावर, पांडवलेण्यांत चला. दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. लेणं कोरून भिक्षुसंघाला दिलं, एवढ्यावर तो थांबत नाही. तीन हजार कार्षापण (त्या काळची नाणी) ‘अक्षयनीवी’, म्हणजे कायमची ठेव, म्हणून ठेवतो. गोवर्धनातल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसऱ्या श्रेणीकडे एक हजार, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधीच परत घ्यायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं. त्या दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात पावसाळ्यातल्या वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. निगमसभेत हे वाचून दाखवलं, नोंदवलं आणि मग दगडावर कोरलं. गोवर्धन हे गाव आजही आपल्या गंगापूर रस्त्याला आहे.

मला हा शिलालेख फार मोलाचा वाटतो. डोंगर कोरायला लावणाऱ्या माणसालाही कळत होतं की नुसता दगड पुरत नाही. पावसाळ्यात तिथे माणसं राहिली पाहिजेत, त्यांच्या अंगावर कापड हवं, त्या कापडासाठी गावात कुणाचा तरी माग चालू हवा. त्याच्या मनातलं लेणं एवढं मोठं होतं, डोंगरापासून विणकराच्या घरापर्यंत. त्यातलं आज आपल्याला काय दिसतं? कोरलेली पोकळी. श्रेणी गेल्या, वर्षावास थांबला, चीवरं थांबली. तेव्हा ‘अमुक इतकी वर्षं टिकलं’ असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं काय टिकलं, हे जरा थांबून बघायला हवं. देवळांच्या पडझडीचं दुःख मलाही आहे, पण त्या देवळांनाही वाचवायचं तर आधी रोजच्या राबत्याची, दिवाबत्तीची, दरवर्षी गच्चीवर उगवणारं पिंपळाचं रोप उपटणाऱ्या हाताची सोय लागते. दगड मजबूत आहे म्हणून निर्धास्त राहिलो की पिंपळ मुळं घालतोच.

आणि नाहीसं होण्याचं म्हणाल, तर नाशिककराला ते मी काय समजावणार! तुम्ही तर पंचवटीचे, रहाड तुमच्या रक्तात आहे.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं तपशिलाने लिहिते. पंचवटीत शनी चौक आणि जुन्या नाशकात तिवंधा, दिल्ली दरवाजा, जुनी तांबट लेन अशा ठिकाणी रस्त्याच्या पोटात पेशवेकालीन दगडी हौद आहेत. वर्षभर वरून दुचाक्या जातात, भाजीच्या गाड्या लागतात, नवख्या माणसाला पत्ताही लागत नाही. रंगपंचमी जवळ आली की मंडळाची पोरं पहारी घेऊन उतरतात. आधी वरचा थर निघतो, मग माती, आणि मातीखाली आडव्या टाकलेल्या जाडजूड लाकडी ओंडक्यांची रांग दिसते. ओंडके एकेक करून दोरांनी वर घेतात. आतून गार, कोंदट वास येतो आणि हळूहळू चिरेबंदी भिंती उजेडात येतात. मग गाळ काढणं, धुणं, पूजा, पाणी. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, दुसरीचा तिला चालत नाही. आणि मग धप्पा. काठावरून अंग झोकून दिलं की पाणी चौकभर उसळतं, आणि कोरडं राहिलेलं कुणी सापडत नाही. सण सरला की ओंडके पुन्हा जागेवर, वर माती, वर रस्ता.

ती रहाड वर्षभर उघडी ठेवली, भोवती स्टीलचं रेलिंग लावलं, रात्री दिवे सोडले आणि तिकीट ठेवलं, तर ती टिकेल का? हौद टिकेल. रहाड जाईल. कारण ती दरवर्षी उकरायला लागते म्हणून उकरणारे हात तयार होतात; कुठला ओंडका कुठे बसतो हे थोरल्याकडून धाकट्याला कळतं. बुजवणं हाच तिच्या जपणुकीचा भाग आहे.

मी रहाडीला ‘इन्स्टॉलेशन’ म्हणत नाहीये, हे स्पष्ट लिहिते. रहाड रहाड आहे, तिला गॅलरीतल्या कुठल्या शब्दाची गरज नाही. माझं म्हणणं इतकंच की ज्या गावाने उघडण्या-बुजवण्यातून एक गोष्ट पेशवाईपासून आजवर चालवली, त्या गावाला चार दिवसांच्या कामाचं मोल कळायला अडचण पडू नये.

गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीचंही तेच. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं हे आता मोबाइलवर मिनिटात कळतं. तरी पावसाळ्यात घरोघरी विचारतात तेच: मारुतीला पाणी कुठवर आलं? घोट्याला लागलं तर लोक बघायला जातात. गुडघ्याला लागलं की भांडी बाजारातले दुकानदार खालच्या फळ्यांवरचा माल वर चढवायला लागतात. कमरेला, छातीला म्हटलं की आवाजच बदलतो. क्युसेकचा आकडा बरोबर असतो, पण तो अंगाला लागत नाही. मारुतीच्या कमरेला लागलेलं पाणी आपल्याच कमरेला लागतं. नदी, वेळ आणि श्रद्धा एकाच मूर्तीवर मोजण्याची ही सोय ज्यांनी जोपासली त्या आपल्या आजा-पणज्यांना मी मानते. नारोशंकराच्या देवळाची घंटा ही पुराची तशीच दुसरी खूण.

आता अमेरिकेतल्या युटाहमधलं एक काम बघा. १९७० साली रॉबर्ट स्मिथसनने ग्रेट सॉल्ट लेक या खाऱ्या सरोवरात काळे बेसाल्टचे दगड आणि माती टाकून सुमारे १५०० फूट लांबीची गोल वळत जाणारी वाट बांधली. थोड्याच वर्षांत पाणी चढलं आणि वाट बुडाली. पुढची तीसेक वर्षं ती बहुतेक काळ पाण्याखालीच होती. २००२ च्या सुमारास दुष्काळात वर आली तेव्हा काळ्या दगडांवर मिठाचे पांढरे थर चढले होते. आता सरोवर इतकं आटलंय की पाणी वाटेपासून दूर सरकलंय. स्मिथसन १९७३ मध्येच विमान अपघातात गेला. त्या भागातल्या पाण्याचं काय होतंय हे आज त्या दगडांकडे बघून कळतं. मारुतीच्या कमरेशी ही गोष्ट जोडून बघितलीत तर ‘परदेशी फॅड’ हा शब्द तुम्हालाही थोडा घाईचा वाटेल.

परदेशीपणावर आणखी एक. २०१२ मध्ये कोचीला पहिली बिनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन, भरली तेव्हा विवान सुंदरम यांनी पट्टणमच्या उत्खननात निघालेल्या खापरांचं एक अख्खं नगर जमिनीवर मांडलं होतं. पट्टणम म्हणजे रोमशी व्यापार करणारं जुनं बंदर. खापराचा एकेक तुकडा पेटीत नोंदीचा क्रमांक असतो; जमिनीवर मांडला की त्याची गल्ली होते, चौक होतो. आणि आपल्या चंद्रपूरकडच्या खाणीच्या गावातून आलेले प्रभाकर पाचपुते चारकोलने भिंतीवर खाणकामगार काढतात, कोळशासाठी जमिनीखाली उतरलेली माणसं. याला काय परदेशी म्हणणार?

बर्फाचा प्रश्न तुम्ही अगदी बरोबर विचारलात. २०१५ च्या डिसेंबरात, पॅरिसमध्ये हवामान परिषद चालू असताना, ओलाफुर एलियासन आणि भूवैज्ञानिक मिनिक रोसिंग यांनी ग्रीनलंडच्या बर्फाचे बारा प्रचंड तुकडे पाँतेऑनसमोरच्या चौकात घड्याळाच्या तबकडीसारखे मांडले. हे तुकडे हिमनदीपासून आधीच तुटून समुद्राच्या खाडीत तरंगत होते. वाहतूक धरून त्या कामाचा कार्बन हिशेब करून तो जाहीर केला गेला. तो सुमारे ३० टन निघाला, म्हणजे पॅरिसहून ग्रीनलंडला तीसेक माणसांनी विमानाने जाऊन येण्याइतका. हा खर्च योग्य की अयोग्य यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतो. माझ्या मते तो योग्य होता, कारण लोकांनी त्या बर्फाला हात लावला, कान लावला. बर्फ वितळताना आत हजारो वर्षं अडकलेल्या हवेचे बुडबुडे फुटतात आणि त्याचा बारीक चटचट आवाज येतो. वर्तमानपत्रातला हवामानबदल आणि कानाशी फुटणारी ती हवा यांत फरक आहे. पण नाशकात बाहेरून काही आणायचं कारणच नाही. इथे सगळं आहे.

गोवऱ्या थापणाऱ्या बाईबद्दल तुम्ही टोमणा मारलात, मी तो प्रश्न म्हणून घेते. पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या वारली घरांत लग्नाच्या वेळी गेरूने सारवलेल्या कुडावर बायका तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. लग्न होतं, पावसाळे येतात, कूड पुन्हा सारवला जातो, चौक जातो. पुढच्या लग्नाला पुन्हा. शहरांनी तोच चौक कागदावर आणला तेव्हा कुठे आपल्याला तो कला म्हणून दिसला. तेव्हा गोवरीवरच्या बोटांच्या ठशांबद्दल आत्ताच निकाल देऊ नका.

परंपरेच्या अपमानाचं मात्र मला जरा गंभीरपणे बोलायचंय. काळाराम मंदिर तुमच्या घरापासून लांब नसेल. त्याच काळ्या पाषाणाच्या मंदिराच्या दारात २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारखे कार्यकर्ते आणि हजारो माणसं तिथे उभी राहिली, मार खाल्ला, वर्षानुवर्षं लढा चालवला, आणि दार उघडलं नाही. त्या दाराची सावली कुणाला देवाची वाटते आणि कुणाला बंद दाराची. दोन्ही आठवणी नाशिकच्या आहेत, दोन्ही वारसा आहेत. गोदाकाठच्या वारशावर जे काम होईल त्यात दुसरी आठवण वगळली गेली, तर परंपरेचा अपमान तिथे झाला असं मी म्हणेन. दगड-काटक्या मांडल्याने होत नाही.

आता पैसा आणि काँक्रीट. इथे आपलं भांडण नाहीच. कुंडांच्या तळाशी ओतलेलं काँक्रीट निघालं पाहिजे, झरे मोकळे झाले पाहिजेत, आणि त्यासाठी वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या करणाऱ्या गोदाप्रेमींचे आपण ऋणी आहोत. तपोवनातल्या झाडांसाठी लोक रस्त्यावर उतरले, तेही मला अगदी योग्य वाटतं. सिंहस्थाच्या नावाखाली फायबरचे पुतळे, एलईडीची कारंजी, सेल्फी पॉइंट आणि उड्डाणपुलाच्या खांबांवरची रंगरंगोटी होणार असेल, तर तुमच्याबरोबर मीही विरोधाचं निवेदन घेऊन जाईन. ती वस्तू उचलून उद्या सोलापुरात ठेवली तरी तिचं काही बिघडत नाही, आणि इथलंही काही कमी होत नाही. अशा कामाला नदी लागत नाही, पाऊस लागत नाही, गावही लागत नाही. लागतं फक्त टेंडर.

मग करायचं काय, असं तुम्ही शेवटी विचारलंत. माझ्या डोक्यात आहे ते सांगते.

पहिलं काँक्रीटचंच. एखाद्या कुंडाचं काँक्रीट फुटेल तेव्हा सगळा राडारोडा डंपरने शहराबाहेर नेऊन टाकू नये. त्यातला एक मोठा, सळया दिसणारा तुकडा त्याच कुंडाच्या काठावर रोवावा, वर कोणत्या साली ओतलं आणि कोणत्या साली काढलं एवढंच कोरावं. कुंडात झरा वाहता राहिला तर त्याच्या ओलाव्याने त्या तुकड्यावर शेवाळ चढेल. झरा पुन्हा बुजला तर तुकडा कोरडा पडेल आणि ये-जा करणाऱ्याला ते दिसेल. कुंड मोकळं झाल्याशिवाय शिल्प होऊच शकत नाही, त्यामुळे ‘आधी झरे की आधी कला’ हा वादही उरत नाही. याला वेगळा निधी लागत नाही. काँक्रीट काढण्याच्या कामातच ते बसतं.

दुसरं, १९६९ च्या महापुराची रेघ. त्या सप्टेंबरात पाणी जिथवर चढलं तिथवर जुन्या गावातल्या घरांच्या आणि दुकानांच्या भिंतींवर, मालकाला विचारून, गेरूची एक आडवी रेघ ओढायची. देवळांच्या दगडाला हात लावायचा नाही. ज्यांनी तो पूर बघितला ती माणसं आता साठी-सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांनी बोट ठेवायचं, नातवंडांनी ओढायची. एका घरापासून शेजारच्या घरापर्यंत रेघ न्यायला गवंडी लेव्हलसाठी वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी पुरते. दोन शेजाऱ्यांच्या आठवणीत वीतभर फरक पडला तर दोन रेघा ओढायच्या, कुणाचीही पुसायची नाही. पावसाने रेघ धुऊन जाईल. जाऊ दे. दरवर्षी मृगाच्या आधी पुन्हा ओढायची, आणि ओढताना पूररेषेच्या आत गेल्या वर्षभरात काय काय बांधलं गेलं ते आपोआप सगळ्यांच्या नजरेला पडेल. ऑइलपेंटने एकदाच ओढून टाका, असं कुणीतरी नक्की सुचवेल. मी विरोध करेन. एकदा ऑइलपेंटची रेघ झाली की दुसऱ्या वर्षी तिच्याकडे कुणी बघणार नाही आणि आजोबांना कुणी विचारणार नाही.

तुमच्या प्रतिक्रियेत एक वाक्य होतं, की तुमच्या जुन्या वाड्याच्या जिन्यावर वडिलांनी महापुराची खूण करून ठेवली आहे. ती कितव्या पायरीला आहे, आणि रस्त्यापासून अंदाजे किती फुटांवर येते, एवढं खाली लिहाल का? फोटो असेल तर उत्तमच. आणि तुमच्या गल्लीत तो पूर बघितलेलं आणखी कुणी असेल, तर त्यांच्याशी बोलायला मी पंचवटीत यायला तयार आहे, तुम्ही म्हणाल त्या रविवारी.